स्कॉटलंडची गाडीसहल: निघण्याआधी घरातल्या सगळ्यांनी वाचावं असं

आमच्याकडे येणाऱ्या मंडळींचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: “स्कॉटलंड किती दिवसांत होतं?” आमचं उत्तर ९ रात्री. त्यावर “लंडन पण करायचंय, ५ दिवसांत बसवा ना” अशी विनंती येते आणि आम्ही नम्रपणे नाही म्हणतो. का नाही म्हणतो, आणि या ९ रात्रींत तुमच्या कुटुंबाला, मित्रमंडळींना नेमकं काय मिळतं, हे नीट सांगता यावं म्हणून हे पत्रक काढलं आहे.

एडिनबरा ते स्काय बेटावरचं पोर्ट्री हे अंतर साधारण २३० मैल. आपल्या हिशेबात पुणे-बेळगावपेक्षा थोडं जास्त. कागदावर हा एका दिवसाचा प्रवास दिसतो, आणि सुरुवातीच्या एका सहलीत आम्ही तो तसाच आखला होता. आठ माणसं, त्यात एक आजी-आजोबा. ग्लेन्कोची दरी सगळ्यांनी पावसाने भरलेल्या काचेतून पाहिली, कारण थांबायला वेळच नव्हता. मुक्कामी पोचायला रात्रीचे साडेनऊ झाले. हॉटेलचं स्वयंपाकघर बंद झालेलं. आजींना मधुमेह, त्यांना चहा, बिस्किटं आणि डब्यातला चिवडा एवढ्यावर झोपावं लागलं. चूक आमच्या आखणीची होती आणि ती आम्हाला अजून लागते. तेव्हापासून एका दिवसात १२० मैलांपेक्षा जास्त गाडी आम्ही आखत नाही. या देशात पाहायचं ते रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आहे. गाडी थांबवायला वेळ नसेल, तर एवढ्या लांब जाऊन उपयोग नाही.

आमचा रस्ता

एडिनबऱ्यात २ रात्री. झोप भरून निघते, गाडी ताब्यात घेण्याआधी पायी फिरून होतं. किल्ल्याकडे चढणाऱ्या रस्त्यावर आउटलुक टॉवर नावाची जुनी इमारत आहे, तिच्यापाशी क्षणभर थांबा. ती ज्यांनी नावारूपाला आणली ते स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख झाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी स्टर्लिंग, कॅलंडर करत उत्तरेला निघायचं. टिंड्रमला चहा, आणि सगळ्यांनी स्वच्छतागृहात जाऊन यायचं, कारण पुढे रॅनक मूरचा सुनसान पट्टा आहे. मैलोन् मैल दलदलीचं माळरान, काळ्या पाण्याची डबकी, मधून जाणारा एकच रस्ता, ए८२. माळ संपतो तिथे डोंगर दोन्ही बाजूंनी एकदम अंगावर येतात, तो ग्लेन्को. या दरीत १३ फेब्रुवारी १६९२ च्या पहाटे सरकारी सैनिकांनी मॅक्डॉनल्ड कुळातल्या माणसांची कत्तल केली. त्याआधी जवळपास दोन आठवडे ते सैनिक त्यांच्याच घरांत पाहुणे म्हणून राहत, जेवत होते. स्कॉटिश माणूस ही गोष्ट अजून विसरलेला नाही. मुलांना ती दरीत उभं राहून सांगा, पुस्तकातल्यापेक्षा वेगळी कळते. इथे आम्ही २ रात्री देतो, म्हणजे एक दिवस पावसात गेला तरी दुसरा हातात राहतो.

जवळच बेन नेव्हिस, ब्रिटनचं सर्वांत उंच शिखर, १,३४५ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, त्यामुळे ट्रेकर मंडळी “सकाळी जाऊन येऊ” म्हणतात. तसं करू नका. चढ जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होतो, आणि खाली ऊन असताना वर ढग, गार वारा आणि उशिरापर्यंत टिकलेला बर्फ असू शकतो. बूट, नकाशा, गरम कपडे आणि पूर्ण दिवस असेल तरच.

पाचव्या दिवशी ग्लेनफिनन. २१ कमानींचा रेल्वेपूल, त्यावरून उन्हाळ्यात वाफेचं इंजिन जोडलेली गाडी जाते. वाहनतळ आगगाडीच्या वेळेच्या कितीतरी आधी भरतो, म्हणून न्याहारी लवकर उरकावी लागते. इथल्याच तळ्याकाठी १७४५ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या स्टुअर्ट घराण्यातल्या राजपुत्र चार्ल्सने बंडाचं निशाण उभारलं. त्या बंडाचा शेवट पुढच्या वर्षी १६ एप्रिलला कलोडनच्या मैदानावर झाला. ते मैदान इन्व्हरनेसच्या मुक्कामात आपण पाहतोच. ग्लेनफिननहून मॅलेग, आणि तिथून गाडीसकट बोटीने स्कायवर. बेटाला १९९५ पासून पूल आहे, पण जाताना बोट आणि येताना पूल असंच आम्ही ठेवतो. आजीआजोबांना गाडीतून उतरून डेकवर बसायला मिळतं, आणि डोंगर समुद्राच्या बाजूने कसे दिसतात ते कळतं. मेमधल्या बोटीची जागा फार आधी घ्यावी लागते, ते आमच्यावर सोडा.

स्कायवर ३ रात्री, आणि यात काटछाट करायला आम्ही कुणाचंही ऐकत नाही. स्टॉर आणि क्विरँगचे कडे पाहून आपल्याकडचा माणूस हमखास म्हणतो, “अरे, हे तर हरिश्चंद्रगडासारखं!” बरोबरच आहे. सह्याद्रीचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, आणि स्कायच्या या भागाचा सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. दोन्हीकडे बेसॉल्टच. फरक एवढाच की स्कायमध्ये हा जड कातळ त्याहून जुन्या, मऊ थरांवर बसला आहे. ते थर दबले, सरकले, आणि कड्याच्या कडेचे तुकडेच्या तुकडे खाली घसरले. स्टॉरचा ५० मीटर उंच सुळका असाच सुटून उभा राहिलेला. तिथवरची पायवाट जाऊन-येऊन पावणेचार किलोमीटरची आहे, चढ ३०० मीटरच्या आसपास. गुडघे दुखणाऱ्यांनी खाली वाहनतळावरून पाहिला तरी चालेल. किल्ट रॉकचे दगडी खांब आणि समुद्रात पडणारा धबधबा मात्र गाडीतून उतरून दोन मिनिटांवर, सगळ्यांना झेपणारा.

परतीला आयलन डोननचा किल्ला, लॉख नेस, इन्व्हरनेस, मग ए९ ने पिटलॉख्री आणि एडिनबरा. लॉख नेस हे तळं ३७ किलोमीटर लांब आहे आणि इतकं खोल की इंग्लंड-वेल्समधल्या सगळ्या तळ्यांचं पाणी एकत्र केलं तरी त्याच्यापुढे कमी भरतं. ‘लॉख’चा उच्चार इंग्रज ‘लॉक’ करतात. आपल्याला ‘ख’ येतो, तर तोच म्हणा, तिथल्या लोकांना बरं वाटतं. ग्लेन म्हणजे दरी, बेन म्हणजे डोंगर, इन्व्हर म्हणजे नदीचं मुख. एवढे शब्द कळले की पाट्या वाचायला मुलांना मजा येते.

गाडी चालवणाऱ्यांसाठी

तिकडेही डावीकडूनच चालवायचं, स्टीअरिंग उजवीकडे. आपला लायसन्स १२ महिन्यांपर्यंत चालतो. तरी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परमिट काढून ठेवा, भाड्याने गाडी देणारे काही जण ते मागतात. अंतर आणि वेग मैलांत आहेत, हे पहिले दोन दिवस सारखं स्वतःला सांगावं लागतं. गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. ए९ वर सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आहेत; एका कॅमेऱ्यापुढे हळू झालात आणि मग पळवलीत, तरी दंड यायचा तो येतोच. दारूची मर्यादा इंग्लंडपेक्षा कडक आहे. म्हणून व्हिस्कीच्या भट्टीला भेट असेल त्या दिवशी चालवणाऱ्याने घोटसुद्धा घ्यायचा नाही, हा आमचा नियम.

आता सर्वांत महत्त्वाचं, म्हणजे एकपदरी रस्ते. स्कायवर आत वळलं की एकाच गाडीपुरता डांबरी पट्टा असतो, आणि थोड्या-थोड्या अंतरावर फुगवटा काढून पांढरी पाटी लावलेली असते: पासिंग प्लेस. समोरून गाडी दिसली की अंदाज घ्या, ही जागा कुणाला जवळ आहे. ती तुमच्या डावीकडे असेल तर आत घ्या. उजवीकडे असेल तर उजवीकडे शिरायचं नाही. तिच्या समोर आपल्या डाव्या कडेलाच थांबा, समोरचा आत वळून तुम्हाला ओलांडेल. जाताना स्टीअरिंगवरून हात थोडा वर करायचा, तो पण करतो. मागे कुणी खोळंबलं असेल तर त्यालाही अशाच जागी पुढे जाऊ द्या. तो कदाचित तिथला डॉक्टर किंवा पोस्टमन असेल. फोटोसाठी या जागेत गाडी लावू नका, रस्ताच बंद होतो. कोकणात आतल्या रस्त्याला एसटी समोर आल्यावर ज्यांनी गाडी रिव्हर्स घेतली आहे, त्यांना हे सगळं दोन तासांत जमतं.

डिपरचा अर्थ मात्र उलटा आहे. आपल्याकडे समोरच्याने डिपर मारला की “थांब, मी येतोय”. तिकडे बहुतेक वेळा “तुम्ही या” असतं. हे माहीत नसल्यामुळे दोघंही थांबून राहतात. हॉर्न शक्यतो वाजवूच नका. रस्त्यात बसलेली मेंढी हॉर्नने उठत नाही. गाडी हळू पुढे घ्या, ती आपोआप बाजूला होते. संध्याकाळी हरणं अचानक आडवी येतात, म्हणून उजेड असेपर्यंत मुक्कामी.

नऊ आसनी गाडीत नऊ माणसं बसली की मोठ्या बॅगांना डिकी पुरत नाही. आम्ही अशा गाडीत सातच बसवतो. नऊ-दहा जण असाल तर दोन गाड्या घ्या, पण एकमेकांच्या मागे धावू नका. पुढचा थांबा ठरवून निघा, वाटेत अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. नकाशे आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. जेवणानंतर माणसांची अदलाबदल केलीत तर आजोबांना नातवंडं मिळतात आणि आईवडिलांना तासभर शांतता. १२ वर्षांखालच्या आणि १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना कायद्याने वेगळं आसन लागतं, मांडीवर बसवून चालत नाही. पेट्रोलचा पाइप हिरवा, डिझेलचा काळा. टाकी अर्धी झाली की भरा.

केव्हा जायचं

मे महिना. दिवस मोठा, रात्री नऊनंतरही उजेड, शाळांना सुट्टी, आणि चिलटांचा त्रास तुलनेने कमी. तिकडची ही चिलटं, ज्यांना ते मिज म्हणतात, जून ते ऑगस्टमध्ये भयंकर होतात. वारा पडला, आभाळ भरलं, संध्याकाळ झाली की पाण्याकाठी ती ढगासारखी उठतात. कानात, केसांत, चष्म्याच्या आत. वारा असला की उडत नाहीत, त्यामुळे वाऱ्याबद्दल तक्रार करू नका. जूननंतर जाणार असाल तर डोक्यावर घालायची जाळी देतो, ती वापरा. सप्टेंबरही सुंदर असतो, डोंगरउतारावर हेदर नावाच्या झुडपाचा जांभळा फुलोरा उरलेला असतो. दिवाळीच्या सुट्टीत मात्र आम्ही ही सहल काढत नाही. ऑक्टोबरच्या शेवटी घड्याळं एक तास मागे जातात आणि साडेचारपाचलाच अंधार पडतो.

पाऊस कुठल्याही महिन्यात येतो. छत्री वाऱ्याने उलटी होते. टोपीवालं जाकीट आणि ओल न धरणारे बूट घ्या.

जेवण

गावाकडच्या हॉटेलांत रात्री आठ-साडेआठला स्वयंपाकघर बंद होतं. शाकाहारी माणसाचं अडत नाही: मसुराचं सूप (मांसाचा रस घातला नाही ना, एवढं विचारा), सकाळी ओट्सची पेज, आणि डाळी-ओट्स घालून केलेलं शाकाहारी हॅगिस (मूळचा मांसाचा स्कॉटिश पदार्थ). जैन जेवण वाटेत मिळेल असं आम्ही वचन देत नाही. म्हणून स्कायच्या ३ रात्री हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेलं घर घेतो. दिवसभर वाऱ्यात फिरून आल्यावर पिठलं-भात टेबलावर आला की घरातले सगळे पुन्हा बोलायला लागतात, हे आम्ही दरवेळी पाहिलं आहे. फोडणी देताना मात्र एक्झॉस्ट लावा, खिडकी उघडा, नाहीतर धुराचा अलार्म वाजतो. घरून डाळी, मसाले, भाजणी चालेल. तूप, पेढे, खव्याचं काही, मांसाचं काही नेऊ नका. दूध आणि मांसाच्या पदार्थांना बंदी आहे. ताज्या भाज्या आणि कढीपत्ताही नको.

आमच्याकडे येताना

शेंगेन व्हिसावर ब्रिटनला जाता येत नाही, वेगळा व्हिसा लागतो आणि त्याचा अर्ज प्रवासाच्या ३ महिने आधीपासून करता येतो. पण बोट आणि घर यांसाठी आम्हाला त्याच्या बरंच आधी भेटा. येताना एक कागद आणा: कोण कोण येणार, प्रत्येकाचं वय, मुलांची उंची, कुणाला गाडी लागते, कुणाला जिना चढवत नाही, कुणाची औषधं थंड ठेवावी लागतात, आणि गाडी चालवणारे कोण. चालवणारे किमान दोन हवेत. शक्य असेल तर आजीआजोबांनाही सोबत आणा, त्यांच्या खोलीबद्दल आम्हाला त्यांच्याशीच बोलायचं असतं. तिकडे जुन्या घरांत तळमजल्याच्या खोल्या कमी असतात आणि त्याच सर्वांत आधी संपतात.