भोंडल्याच्या रिंगणातलं हसू

भोंडल्याचं एक गाणं महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलींना कुणी न शिकवता येतं. पाटावर हत्ती काढायचा, त्याच्याभोवती फेर धरायचा आणि वेड्या नवऱ्याची गोष्ट गायची. वेड्याची बायको लाडू करते, तो ते चेंडू समजून खेळायला घेतो. ती करंज्या करते, तो त्यांच्या होड्या करून पाण्यात सोडतो. दर कडव्याला ‘असं कसं वेडं माझ्या नशिबी आलं’ म्हणायचं आणि पुढची फेरी घ्यायची. मी शाळेत असताना आमच्या वाड्याच्या अंगणात हे गाणं सुरू झालं, की एरवी दबक्या आवाजात बोलणाऱ्या काकू-मावश्या रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा गायच्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायच्या. पुरुष तिथे नसायचे. त्यांना कुणी मनाई केली नव्हती, पण तो तास बायकांचा, हे ठरलेलं होतं.

पुढे कॉलेजात आणि नोकरीत ‘बायकांना विनोदबुद्धी नसते’ हे वाक्य इतक्यांदा ऐकलं, की दर वेळी मनात यायचं: मग त्या अंगणात चालायचं ते काय होतं?

हाच प्रश्न एका मराठी माणसाने शास्त्रीय शिस्तीने हाताळला आहे, हे मला खूप उशिरा कळलं. महादेव आपटे हे मानववंशशास्त्रज्ञ अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात शिकवत. विनोद आणि हास्य यांवरचं त्यांचं पुस्तक १९८५ साली आलं. जगभरच्या समाजांची वर्णनं तपासून लिहिलेल्या या पुस्तकात एक आख्खं प्रकरण विनोदातल्या स्त्री-पुरुष विषमतेवर आहे. चारचौघांत बायका कमी विनोद करताना दिसतात हे ते मान्य करतात, पण त्याचं कारण क्षमतेत शोधत नाहीत. बाईने लाजरं असावं, मर्यादेत राहावं, मोठ्याने हसू नये, या बंधनांत ते कारण आहे. बायकाच बायका जमल्या की तीच बाई मोकळी होते, आणि वय झालं की तिच्यावरची बंधनं सैल पडून ती पुरुषांसमोरही बिनधास्त बोलू लागते. आमच्या अंगणात सगळ्यात धीट उखाणे सत्तरी ओलांडलेल्या आजींचे असायचे. माझ्या आठवणीतल्या त्या आजींना आपट्यांच्या पुस्तकात जागा सापडली, याचा मला फार आनंद झाला.

हसू येतं तरी कधी? पीटर मॅग्रॉ आणि कॅलेब वॉरन या संशोधकांनी २०१० साली एक साधं सूत्र मांडलं. काहीतरी रीत, काहीतरी अपेक्षा मोडली पाहिजे, आणि त्याच क्षणी ‘यातून काही वाईट होणार नाही’ अशी खात्रीही वाटली पाहिजे. गुदगुल्यांचं उदाहरण घ्या. स्वतःच स्वतःला केल्या तर काहीच मोडत नाही, म्हणून हसू येत नाही. अनोळखी माणसाने अंधारात केल्या तर खात्री नसते, म्हणून भीती वाटते. ओळखीच्या माणसाने केल्या की हसू फुटतं.

हे सूत्र भोंडल्याला लावून पाहिलं, की गाणं रचणाऱ्या अनाम बायकांची हुशारी दिसते. ज्या घरात नवऱ्याचं नाव घ्यायलाही उखाणा लागतो, तिथे नवऱ्याला भर अंगणात वेडा म्हणायचं, म्हणजे मोठीच रीत मोडली. पण गाण्यातल्या वेड्याला नाव नाही, गाव नाही. गाणारीला हवा तो चेहरा त्यात दिसतो, आणि कुणी जाब विचारलाच तर ‘अहो, गाणं आहे ते’ म्हणता येतं. जात्यावरच्या ओव्यांनाही हाच आडोसा होता. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पहाटेच्या अंधारात, घर झोपलेलं असताना, सासुरवासाबद्दल जे बोलता येत होतं ते दिवसा ओट्यावर बोलता येत नव्हतं. गिरण्या आल्या, दळणाचे कष्ट वाचले. ती जागाही गेली.

जागेचा हा मुद्दा कार्यालयात गेलं की फार ठळक होतो. रोझ लॉब कोझर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९६० साली एका मनोरुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांच्या बैठकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बैठकीत कोण विनोद करतं, कुणावर करतं आणि कोण हसतं, याची त्यांनी नोंद ठेवली होती. १०३ विनोदांपैकी ९९ पुरुषांचे निघाले, ४ बायकांचे. बायका हसत मात्र भरपूर होत्या. दुसरी गोष्ट त्याहून बोलकी आहे: विनोद वरून खाली वाहत होता. वरिष्ठ कनिष्ठांवर करत, पण वरिष्ठ हजर असताना त्यांच्यावर विनोद करायला कनिष्ठ धजत नसत. म्हणजे हसवणं हा अधिकाराचाही भाग आहे. बैठकीत कोण बोलणार हे जसं ठरलेलं असतं, तसं कोण हसवणार हेही.

रॉबर्ट प्रोव्हाइन या मेंदूशास्त्रज्ञाने बाजारात, रस्त्यावर, विद्यापीठाच्या आवारात हसण्याचे सुमारे १,२०० प्रसंग टिपले. त्यातलं फार तर पाचातलं एक हसू विनोदासारख्या कशावर तरी होतं. बाकीचं ‘बरं, भेटू मग’ असल्या साध्या वाक्यांवर. हसणं हे मुळात नातं जोडण्याचं काम करतं, असं त्यांचं म्हणणं. पण त्यांच्या नोंदींत एक आकडा आहे, तो वाचून मी थांबले. बाई बोलते आहे आणि पुरुष ऐकतो आहे अशा वेळी, ती स्वतःच त्याच्यापेक्षा १२६ टक्के जास्त हसत होती. आपण बोलताना किती वेळा विनाकारण हसतो, हे एक दिवस मोजून पाहा. मी मोजलं आणि त्या दिवसानंतर फोनवरचं माझं बोलणं बदललं.

आता क्षमतेच्या वादाकडे येते, कारण त्यात आडपडदा ठेवणं बरोबर नाही. गिल ग्रीनग्रॉस आणि सहकाऱ्यांनी २०२० साली २८ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांत पाच हजारांवर माणसं होती. विनोद लिहायला सांगितल्यावर पुरुषांची सरासरी थोडी वरचढ निघाली: सुमारे ६३ टक्के पुरुष सरासरी बाईपेक्षा जास्त गुण मिळवणारे. फरक आहे, आणि तो लपवायचं कारण नाही. पण मोजलं काय, हेही बघायला हवं. अशा अभ्यासांत बहुतेकदा एकट्याने बसून एखाद्या व्यंगचित्राखाली ओळ लिहायची असते आणि अनोळखी माणसांनी तिला गुण द्यायचे असतात. लहानपणापासून ‘दात काढू नकोस’ ऐकत वाढलेली मुलगी आणि चारचौघांत टाळ्या घेत वाढलेला मुलगा त्या कागदासमोर सारख्याच तयारीने बसतात, असं मला वाटत नाही.

सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातला, २०१२ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग इथे फार महत्त्वाचा आहे. १६ पुरुष आणि १६ बायका यांनी व्यंगचित्रांखाली ओळी लिहिल्या, आणि लेखक कोण हे न सांगता इतरांनी त्यांना गुण दिले. ५ पैकी फक्त ०.११ गुणांनी पुरुष पुढे राहिले, आणि त्यांना जास्त गुण दिले तेही पुरुषांनीच. पुढच्या टप्प्यात ओळी आणि त्या लिहिणारा बाई की पुरुष हे दाखवून, नंतर लोकांना आठवायला सांगितलं. हसवणारी ओळ बाईची असली तरी ती पुरुषाची म्हणून आठवली जाण्याकडे कल होता, आणि फसलेली ओळ बाईच्या नावावर पडत होती. बाईने हसवलं, तरी ते श्रेय लोकांच्या डोक्यातून आपोआप सरकून जातं. यात कुणी जाणूनबुजून खोटं बोलत नव्हतं, हे मला सगळ्यात अस्वस्थ करतं.

श्रेय मिळालं तरी किंमत मोजावी लागते ती वेगळीच. अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या जोनाथन इव्हान्स आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २१६ जणांना एका दुकानाच्या व्यवस्थापकाचं सादरीकरण व्हिडिओवर दाखवलं. संवाद तेच, विनोद तेच. काहींना व्यवस्थापकाच्या भूमिकेत पुरुष दिसला, काहींना बाई. विनोद करणाऱ्या पुरुषाचा मान वाढला. तेच विनोद करणाऱ्या बाईचा मान, विनोद न करणाऱ्या बाईपेक्षाही खाली गेला. नोकरीत नव्या लागलेल्या मुलींना ‘जरा हसत-खेळत राहा’ असा सल्ला देणाऱ्यांनी हा प्रयोग वाचावा, अशी माझी मनापासून विनंती आहे.

आणि बायकांवर केलेले विनोद? ते खरंच निरुपद्रवी असतात का? थॉमस फोर्ड यांनी २००८ साली यावर प्रयोग प्रसिद्ध केले. ज्या पुरुषांच्या मनात स्त्रियांविषयी आधीपासून आकस होता, त्यांनी बाईला हिणवणारे विनोद वाचल्यावर स्त्रियांच्या संस्थेला कमी मदत देऊ केली. तीच हिणवणूक साध्या, गंभीर वाक्यांत वाचली तर असा परिणाम झाला नाही. विनोद आकस निर्माण करत नाही; असलेल्या आकसाला ‘आता चालेल’ अशी परवानगी देतो.

तीच परवानगी उलट दिशेनेही मिळते का, हे स्पेनमधल्या ग्रानादा विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासलं. पुरुषी वर्चस्वावर बोट ठेवणारे विनोद त्यांनी लोकांना दाखवले. २०२१ सालच्या त्यांच्या लेखानुसार, स्वतःला स्त्रीवादी न समजणाऱ्या किंवा जेमतेम समजणाऱ्या स्त्री-पुरुषांची समतेसाठी काही करण्याची तयारी अशा विनोदांनंतर वाढली. ज्यांना पटवायची गरज असते, नेमके तेच हलले.

मराठीत हे हत्यार जुनं आहे. सुरतेत एका विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीला झोडपणं सुरू झालं, तेव्हा १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. बायकांवर जे जे आरोप होत, ते एकेक उचलून त्यांनी पुरुषांसमोर धरले आणि सरळ विचारलं की हा दोष तुमच्यात नाही का. त्या पुस्तकातला उपहास आजही चटका देतो. टीका इतकी झाली, की जोतीराव फुल्यांना १८८५ साली ‘सत्सार’ या आपल्या नियतकालिकात त्यांची बाजू घ्यावी लागली. ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. इव्हान्स यांनी मोजलेली किंमत ती हीच.

शंभर वर्षांनी, १९८३ साली, स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकर यांचं ‘मुलगी झाली हो’ हे नाटक रंगमंचावर आणलं. त्यात गाणी होती, विनोद होता, आणि मुलगी जन्मल्यावर पडणारे चेहरे होते. भोंडल्यातलं हसू रिंगणाबाहेर पडून पुरुषांसमोर उभं राहिलं. पुढे त्याचे हजारो प्रयोग झाले.

पण हसल्याने माणूस बदलतो का? रॉबिन नाबी आणि सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवलं, की सामाजिक प्रश्नावरचा विनोद लोक लक्ष देऊन ऐकतात, पण ‘गंमत आहे’ म्हणून त्यातला मुद्दा बाजूला ठेवतात. आठवडाभराने पुन्हा विचारलं, तर तो मुद्दा मनात रुजलेला सापडतो. गंमत विसरलेली असते, म्हणणं उरलेलं असतं.

हे वाचताना मला भोंडल्याच्या त्या गाण्याचं शेवटचं कडवं आठवलं. त्यात वेड्याची बायको झोपलेली असते. वेडा येतो, डोकावून पाहतो, ती मेली असं समजतो आणि तिला जाळून टाकतो. आम्ही मुली या कडव्यालाही लाडू-करंज्यांइतकंच हसायचो. चाल तीच, ठेका तोच, आणि त्यानंतर खिरापत. सुनांना जाळल्याच्या बातम्या रोज छापून येत होत्या, १९८३च्या डिसेंबरात सासरच्या छळाविरुद्धचं ४९८-अ कलम लागू झालं होतं, तरी गाण्यात ते मला दिसलं नव्हतं. नाबींच्या प्रयोगातल्या लोकांना एक आठवडा लागला. मला वीस वर्षं लागली.

गेल्या नवरात्रात आमच्या सोसायटीच्या गच्चीवर फेर धरला होता. शेवटच्या कडव्याला माझी आठ वर्षांची भाची हात सोडून उभी राहिली आणि विचारलं, “मावशी, ती जागी झाली नाही का? ओरडली नाही का?” फेर थांबला. तिची आजी पाटाशेजारी खाली बसली, तिला जवळ घेतलं, आणि त्यांच्या गल्लीतल्या एका सुनेची गोष्ट सांगू लागली. ती आम्ही कुणीच आधी ऐकली नव्हती. बाकीच्या जणीही एकेक करून बसल्या. खिरापतीचे डबे बराच वेळ कुणी उघडले नाहीत.