ब्रँड प्रायोजकत्व (सांगली जिल्हा)

समाजमाध्यमांवर व्हिडिओ, रील, पॉडकास्ट किंवा लेखन करणाऱ्या आशयनिर्मात्याने मोबदला घेऊन एखाद्या उत्पादनाची, दुकानाची वा सेवेची माहिती आपल्या आशयातून देणे म्हणजे ब्रँड प्रायोजकत्व. सांगली, मिरज, विटा, तासगाव भागात बोलताना याला ‘कोलॅब’ किंवा ‘प्रमोशन’ म्हणतात. पैसे मिळाले तर ‘पेड कोलॅब’, नुसती वस्तू मिळाली तर ‘बार्टर’. यूट्यूबवर व्हिडिओच्या आधी-मध्ये आपोआप लागणाऱ्या जाहिरातींचे उत्पन्न यात धरत नाहीत. ते यूट्यूब हा मंच स्वतः ठरवतो. प्रायोजकत्वाची रक्कम दोन माणसे दुकानाच्या गादीवर बसून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून ठरवतात. म्हणून कॅमेरा येणाऱ्या माणसाला इथे बोलणीही यावी लागतात.

पूर्वपीठिका : कलावंत आणि आश्रयदाता हे नाते सांगलीला जुने आहे. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी मराठी नाटकाचा पहिला खेळ केला तो संस्थानाधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने. १८५१ मध्ये चिंतामणराव निवर्तले, दरबाराचा आधार गेला आणि भावे आपली मंडळी घेऊन बाहेर पडले. १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून त्यांचे खेळ झाले. पुढे आश्रयाची जागा ‘सौजन्या’ने घेतली. कुस्ती मैदानाचे इनाम, यात्रेतला तमाशा, गणेश मंडळाची कमान, बैलगाडा शर्यतीची ढाल, प्रत्येकाच्या फलकावर खाली कुणा सराफाचे, खत दुकानाचे, पतसंस्थेचे नाव असते. हे पैसे वर्गणी म्हणून दिले जातात. देणारा मोठा, घेणारा उपकृत. पावती फाडली जाते, करार होत नाही. आजचा दुकानदार रील करणाऱ्या मुलामुलींकडे पाहतो तो याच नजरेने, आणि इथल्या प्रायोजकत्वातले निम्मे प्रश्न त्यातून उभे राहतात. निर्मात्याला हवे असते केलेल्या कामाचे बिल. समोरच्याच्या मनात असते वर्गणी.

२९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा ग्रामीण भागातल्या अनेकांनी जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत गेला. त्याच वर्षी भारतात आलेल्या इन्स्टाग्राम रील्स आणि यूट्यूब शॉर्ट्सवर त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. त्या अनुभवामुळे जाणते निर्माते करारात मंचाचे नाव लिहितात आणि तो मंच बंद पडला तर काम दुसरीकडे कसे द्यायचे, हेही लिहून घेतात.

हंगाम : जिल्ह्यात प्रायोजकांची हालचाल पिकांच्या वेळापत्रकावर चालते. तासगाव, मिरज, पलूस, कवठे महांकाळ, खानापूर भागातल्या द्राक्षबागांत एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी होते. औषधे, संजीवके, विद्राव्य खते आणि ठिबकच्या कंपन्यांना शेतीविषयक चॅनेल हवे असते ते छाटणीच्या आधी. घड बाहेर पडल्यावर आलेला व्हिडिओ त्यांच्या उपयोगाचा नसतो. म्हणून फळछाटणीच्या कामाचे बोलणे जुलैतच काढावे लागते. फेब्रुवारीपासून बेदाण्याच्या शेडवर काम सुरू होते, त्याच सुमारास नवी हळद सांगलीच्या मार्केट यार्डात येते. घरगुती मसाले आणि बेदाणा विकणारे छोटे ब्रँड तेव्हा निर्माते शोधतात. उसाची बिले खात्यावर पडू लागली की ट्रॅक्टर, दुचाकी आणि सराफी दुकाने जाहिरातीला हात सैल सोडतात. पाडवा, अक्षय तृतीया, दसरा आणि लग्नसराई हे तर ठरलेलेच.

प्रायोजकाचा शोध : सर्वांत खात्रीची जागा म्हणजे निर्मात्याचे स्वतःचे जुने व्हिडिओ. बागेतल्या व्हिडिओखाली ‘दादा, ब्लोअर कुठनं घेतला?’ असे वीस जण विचारत असतील, तर त्या ब्लोअरच्या (फवारणी यंत्राच्या) विक्रेत्याकडे नेण्यासाठी याहून चांगला पुरावा नाही. अशा प्रतिक्रियांचे तारखेसह स्क्रीनशॉट जपून ठेवावेत. आपण रोज वापरतो त्या वस्तूबद्दल बोलताना शब्द शोधावे लागत नाहीत आणि प्रेक्षकालाही ते जाणवते.

दुसरे, जे आधीच जाहिरातीवर खर्च करतात ते. सांगलीच्या विश्रामबाग भागात ज्यांचे फलक लागतात, वर्तमानपत्राच्या जिल्हा पुरवणीत ज्यांच्या चौकटी असतात, त्यांना जाहिरात म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. कंपनीच्या बाबतीत पुण्या-मुंबईच्या मुख्य कार्यालयाला ईमेल पाठवून वाट पाहण्यापेक्षा जिल्ह्याचा वितरक किंवा एरिया मॅनेजर गाठावा. स्थानिक प्रचाराचा निर्णय पुष्कळदा त्याच्या पातळीवर होतो. दुकानात मालकाऐवजी त्यांचा मुलगा किंवा सून हे काम पाहत असेल, तर पहिले बोलणे त्यांच्याशी आणि दराचे बोलणे मालकासमोर.

तिसरी जागा जिल्ह्याबाहेरच्या माणसाला सुचणारही नाही. खानापूर-आटपाडी भागातली असंख्य कुटुंबे सोन्या-चांदीच्या गलाई व्यवसायासाठी (जुने दागिने वितळवून शुद्ध धातू काढणे) देशभरच्या शहरांत विखुरली आहेत. गावची यात्रा, खिलार बैल, ग्रामदैवताची पालखी यांचे व्हिडिओ ही मंडळी दूर बसून आतुरतेने पाहतात आणि गावकार्याला सढळ हाताने देतात. गावाकडचा आशय करणाऱ्याने एका व्हिडिओऐवजी वर्षभराच्या मालिकेचे प्रायोजकत्व त्यांच्यापुढे मांडावे. मात्र हे पैसे ‘देणगी’ म्हणून येण्याची शक्यता सर्वांत जास्त असल्याने लिखापढीही इथेच सर्वांत काटेकोर हवी.

मंचांची स्वतःची सोयही आहे. इन्स्टाग्रामने ब्रँड आणि निर्माते यांची गाठ घालणारी बाजारपेठ २०२४ मध्ये भारतात आणली. यूट्यूबचीही अशीच व्यवस्था आहे. मधल्या एजन्सीमार्फत काम आले तर पैसे कोण देणार, किती दिवसांत आणि एजन्सीचा वाटा आधीच कापला आहे का, हे तीन प्रश्न पहिल्याच फोनवर विचारावेत. नोंदणी शुल्क किंवा अनामत मागणारा, ओटीपी विचारणारा किंवा ‘करार पाहा’ म्हणून अनोळखी फाइल उघडायला लावणारा प्रायोजक नसतो, तो फसवणारा असतो.

माहितीपत्रक : ‘मीडिया किट’ एक पानाचे पुरते आणि स्थानिक दुकानदारासाठी ते मराठीत असावे. चॅनेल कशाबद्दल आहे, मागच्या वीस व्हिडिओंच्या व्ह्यूजचा मध्यक (आकडे चढत्या क्रमाने मांडले की मधोमध येणारा) किती, प्रेक्षक कोणत्या शहरांतले, आधीचे काम कोणते, एवढेच. सगळ्यांत गाजलेल्या एका रीलचा आकडा ठळक छापण्याचा मोह होतो. त्या आकड्यावर ठरलेला दर पुढच्या रीलला टिकत नाही आणि संबंध बिघडतात. पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पाणीपातळी दाखवणाऱ्या रील्सना प्रचंड व्ह्यूज मिळतात. ते आकडे माहितीपत्रकात घालू नयेत. त्या पाहणारी माणसे पुरामुळे घर सोडायचे का, हे ठरवण्यासाठी आलेली असतात, आणि तो चॅनेलचा नेहमीचा प्रेक्षकही नसतो.

दर : अनुयायांच्या संख्येवरून दर सांगण्याची पद्धत सर्रास दिसते आणि ती निर्मात्याच्याच मुळावर येते. विकले जाते ते ठरावीक माणसांचे लक्ष. बारा हजार सदस्यांच्या चॅनेलवर बहुतेक द्राक्ष बागायतदार असतील, तर ठिबक कंपनीसाठी ते लाखभर अनुयायांच्या विनोदी पानापेक्षा मोलाचे आहे. उलट मिरजेतल्या साडीच्या दुकानाला राज्यभर पसरलेल्या व्ह्यूजचा फारसा उपयोग नाही. त्याला सांगली, जयसिंगपूर, इचलकरंजीचा प्रेक्षक हवा.

हिशेब मांडून दर काढावा. समजा, मध्यक ३०,००० व्ह्यूज आहे आणि हजार व्ह्यूजला ३०० रुपये असा आकडा निर्मात्याने धरला, तर मूळ दर ९,००० रुपये होतो. जतपर्यंतचे पेट्रोल, भाड्याचा ड्रोन, संकलनाचे दोन दिवस हे त्यावर वेगळे. हा आकडा समोरच्याला फोडून दाखवण्याची गरज नाही, पण आपल्या वहीत तो असला की आवाज डळमळत नाही.

बोलणी : आधी प्रायोजकाला काय साधायचे आहे ते विचारावे : नव्या शाखेचे उद्घाटन, पडून राहिलेला माल, की नुसते नाव. मग ‘तुमचं बजेट किती ठरलंय?’ यावर बहुधा ‘तुम्हीच सांगा’ असे उत्तर येते. अशा वेळी एकच आकडा टाकू नये. एक रील, एक रील आणि तीन स्टोरी, महिन्याच्या चार रील आणि उद्घाटनाला हजेरी, असे तीन पर्याय ठेवले की बोलणे ‘द्यायचे की नाही’ याऐवजी ‘यातले कोणते’ यावर येते. रक्कम कमी करायचीच असेल तर कामही कमी करावे. स्टोरी काढून टाकावी, आपल्या सोयीची तारीख घ्यावी, व्हिडिओ पुढे वापरण्याचे प्रायोजकाचे हक्क घटवावेत. तेच काम कमी पैशांत दिले की पुढच्या वेळी बोलणे तिथूनच सुरू होते.

‘दुकान तुमचंच आहे की, एक रील टाका’ हे वाक्य सांगलीत प्रेमाने म्हटले जाते आणि ते खोटेही नसते. नात्याखातर एखादी स्टोरी टाकावी, उद्घाटनाला आहेर घेऊन जावे. रीलचे मात्र बिलच द्यावे. दोन्ही गोष्टी एकाच दुकानात, एकाच आठवड्यात करता येतात.

रकमेपेक्षा जास्त झुंजायचे असते ते हक्कांवर. प्रायोजकाला रील बूस्ट करायची (पैसे भरून जास्त लोकांपुढे न्यायची) आहे का, आपल्या पानावर टाकायची आहे का, त्यातले छायाचित्र फ्लेक्सवर छापायचे आहे का, आणि किती दिवस? याचे उत्तर लिहून घेतले नाही, तर एका हंगामासाठी केलेल्या कामातला चेहरा पुढच्या हंगामातही कृषी सेवा केंद्राच्या दारात उभा राहतो, आणि तोवर त्या निर्मात्याने स्वतः ते उत्पादन वापरणे सोडलेलेही असू शकते. तीस किंवा नव्वद दिवसांची मुदत घालावी, वाढवायची तर त्याचा वेगळा दर. ‘वर्षभर दुसऱ्या कंपनीचे ठिबक दाखवायचे नाही’ अशी अट आली, तर त्या वर्षात सोडावे लागणारे काम मोजून तिची किंमत घ्यावी. फेरबदल दोनदा, तांत्रिक चूक प्रायोजकाने सुधारावी, मत मात्र निर्मात्याचे राहील, हेही आधीच बोलून घ्यावे.

लिखापढी आणि वसुली : स्टॅम्प पेपर नसला तरी चालते. भारतीय करार कायदा, १८७२ लेखी करार सरसकट सक्तीचा करत नाही आणि माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात झाला म्हणून करार निरर्थक ठरत नाही. काम, तारीख, रक्कम, हक्कांची मुदत आणि पैसे देण्याचा दिवस असा दहा ओळींचा संदेश पाठवून त्यावर ‘मान्य’ असे उत्तर घ्यावे. तोंडी शब्दाला इथे मान आहे, पण तीन महिन्यांनी तो शब्द दोघांना सारखा आठवत नाही.

निम्मी रक्कम चित्रीकरणाआधी आणि उरलेली व्हिडिओ टाकण्याच्या दिवशी, ही पद्धत छोट्या प्रायोजकांशी बरी पडते. मोठ्या कंपन्या बिलानंतर मुदत मागतात. सूक्ष्म किंवा लघु सेवा उद्योग म्हणून उद्यम नोंदणी (केंद्र सरकारकडची छोट्या उद्योगांची नोंदणी) असेल, तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लेखी ठरलेली मुदतही ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागते आणि सुलभीकरण परिषदेकडे (थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे) दादही मागता येते. बिलाच्या तळाशी नुसता उद्यम क्रमांक छापलेला असला तरी लेखा विभागाची चालढकल कमी होते.

बार्टरमध्येही हिशेब आहे. १ जुलै २०२२ पासून लागू झालेल्या आयकर तरतुदीनुसार व्यवसायापोटी वर्षात २०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीचा लाभ दिला, तर देणाऱ्याला १० टक्के करकपात करावी लागते. चित्रीकरणानंतर परत केलेली वस्तू यात येत नाही. ठेवून घेतलेला मोबाइल येतो. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांवर गेली की वस्तू व सेवा कर नोंदणी लागते.

जाहीर करणे : भारतीय जाहिरात मानक परिषदेची निर्मात्यांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे १४ जून २०२१ पासून लागू आहेत. १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओवर किमान ३ सेकंद, दोन मिनिटांपेक्षा कमी लांबीच्या व्हिडिओवर एक तृतीयांश वेळ आणि त्याहून मोठ्या व्हिडिओत ब्रँडबद्दलचा भाग चालू असेपर्यंत ही जाहिरात असल्याची पट्टी दिसली पाहिजे. ती व्हिडिओच्या भाषेत चालते. मराठी प्रेक्षकासाठी ‘जाहिरात’ हा शब्द सर्वांत सरळ. हॅशटॅगच्या गर्दीत तो लपवू नये. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये काढलेल्या सूचनांनुसार मोफत वस्तू, प्रवास आणि नातलगाचा ब्रँड यांचाही खुलासा करावा लागतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा तसेच केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो; जाहिरात करणाऱ्या व्यक्तीवर एक ते तीन वर्षांपर्यंत बंदीही येऊ शकते. ‘जाहिरात’ लिहिल्याने व्ह्यूज पडतात, म्हणून ते वगळा असे सांगणारा प्रायोजक पैशांच्या बाबतीतही सरळ निघत नाही.

नाकारण्याची कामे : सट्ट्याचे आणि पैसे लावून खेळायचे अ‍ॅप गावाकडच्या निर्मात्यांना बाजारभावाच्या कितीतरी पट देऊ करतात. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने अशा खेळांची जाहिरात हाच गुन्हा ठरवला असून तिला दोन वर्षांपर्यंत कैद, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘शुगर मुळापासून घालवणारे’ चूर्ण १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्यात अडकते. द्राक्षाच्या औषधाबाबत सर्वांत जास्त जपावे. त्या औषधाला द्राक्षासाठी ‘लेबल क्लेम’ (त्या पिकावर वापरण्याची अधिकृत मान्यता) आहे का, पुण्याच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारस यादीत ते आहे का, हे पाहिल्याशिवाय होकार देऊ नये. एका रीलवर विसंबून फवारणी झाली आणि माल औषधाच्या उर्वरित अंशाच्या तपासणीत अडकला, तर शेतकऱ्याचे आख्खे वर्ष जाते. ‘सांगलीची हळद’ या नावाला भौगोलिक मानांकन आहे. दुसरीकडची पूड त्या नावाने दाखवण्याची मागणीही याच रांगेत बसते.

पुनरावृत्ती : व्हिडिओनंतर सातव्या आणि तिसाव्या दिवशी आकडे न मागता पाठवावेत. दुकानदाराला व्ह्यूजपेक्षा ‘गिऱ्हाईक किती आलं?’ हे कळायला हवे असते. त्यासाठी रीलमध्ये एखादा सवलतीचा शब्द द्यावा आणि तो सांगत येणाऱ्यांची नोंद काउंटरवरच्या वहीत ठेवायला लावावी. ही वही पुढच्या बोलणीत निर्मात्याच्या बाजूने बोलते. तिच्यात वीस नावे असली तरी दर वाढवून मागता येतो, आणि दोनच असली तर पुढच्या वेळी रील कोणत्या आठवड्यात टाकायची, यावर दोघांना एकत्र बसून बोलता येते.