लॉग अक्षावर शून्य कुठे मांडायचे?

ठाणे खाडीच्या पाण्यातले कोलिफॉर्म, म्हणजे पाणी दूषित असल्याची खूण मानले जाणारे, जिवाणू मोजले आणि एका नमुन्यात 100 मिलिलिटरमागे 23, तर दुसऱ्यात 16,000 असे आकडे आले, तर साध्या आलेखात पहिला आकडा तळाला चिकटून दिसेनासा होतो. लॉग अक्षावर मात्र 10 ते 100 आणि 1,000 ते 10,000 ही अंतरे सारखीच असतात, कारण तिथली प्रत्येक पायरी दहापटीची असते.

असे आलेख एक्सेलच्या मॅक्रोने, म्हणजे त्यात लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमने, काढताना अडचण येते ती बहुधा शून्याची. या अक्षावर 1 च्या खाली 0.1, मग 0.01 असे कितीही उतरत गेलो, तरी शून्य येत नाही. त्यामुळे शून्य किंवा ऋण किंमत तिथे मांडताच येत नाही. तक्त्यात शून्य दिसत नसले, तरी ते लपलेले असू शकते. ‘आढळले नाही’ असा मजकूर, किंवा सूत्राने परत केलेली रिकामी अवतरणचिन्हे, यांना आलेख शून्यच समजतो. त्यांच्या जागी ‘किंमत उपलब्ध नाही’ असे सांगणारे ‘एनए’ हे फंक्शन वापरले, तर तो बिंदू वगळला जातो.

हा उपाय सोपा असला, तरी मला तो पुरेसा वाटत नाही. ‘आढळले नाही’ याचा अर्थ जिवाणू चाचणीच्या मर्यादेपेक्षा कमी होते एवढाच असतो, आणि असे नमुने गाळले, तर नेमके सर्वांत स्वच्छ पाणीच आलेखातून नाहीसे होऊन खाडी आहे त्यापेक्षा अधिक दूषित दिसते. तो बिंदू मर्यादेच्या किमतीवर, वेगळ्या चिन्हाने दाखवणे अधिक प्रामाणिक ठरते.

जुन्या मॅक्रोत ‘मिनिममस्केल’, म्हणजे अक्षाची सर्वांत खालची किंमत, शून्य ठेवलेली असेल, तर तीही बदलून धन करावी लागते. आडवा अक्षही लॉग हवा असेल, तर रेषालेख चालत नाही, दोन्ही अक्षांवर संख्या घेणारा स्कॅटर आलेखच घ्यावा लागतो. ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ (चूक आली तरी पुढच्या ओळीवर जा) ही आज्ञा लिहून मात्र चूक दडपू नये; तसे केले तर अक्ष साधाच राहतो आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

लॉग घेण्याचे, म्हणजे पायाचा कितवा घात केला की ती संख्या मिळते हे काढण्याचे, काम मॅक्रोतच करायचे असेल, तर आणखी एक भेद सांभाळावा लागतो. तक्त्यातले ‘लॉग’ पाया सांगितला नसेल तर 10 धरते आणि 100 साठी 2 देते. मॅक्रोच्या भाषेतले ‘लॉग’ नैसर्गिक, म्हणजे सुमारे 2.718 पायाचे, असल्यामुळे त्याच 100 साठी सुमारे 4.605 देते. त्याला 10 च्या नैसर्गिक लॉगने, म्हणजे सुमारे 2.303 ने, भागले की दोन्ही उत्तरे जुळतात.