मुळांनाही श्वास लागतो: वापसा, बेड आणि बिघडलेला पाऊस

2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ती 'जलदूत' गाडी बऱ्याच जणांना आठवत असेल. आणि त्याच मराठवाड्यात सप्टेंबर 2025 ला काढणीला आलेलं सोयाबीन शेतातच कुजलं, कारण नद्या पात्र सोडून शिवारात आल्या होत्या. आता आमच्याकडं दुष्काळ आहे का ओला दुष्काळ यावर पारावर वाद घालायला मजा येते, पण शेतीची खरी अडचण वेगळीय, एकाच हंगामात, एकाच रानात दोन्ही होतंय. जुलैत आठ दिवस पाणी साचून राहतं आणि ऑगस्टमध्ये तीन आठवडे ढग फिरकत नाहीत.

यामागचं गणित तसं अवघड नाही. हवा 1 अंशानं तापली की तिच्यात साधारण 7 टक्के जास्त बाष्प मावतं, आणि अरबी समुद्रही तापलाय, त्यामुळं बाष्पाचा पुरवठाही जोरात. मग पाऊस पडतो तेव्हा बदाबदा पडतो, मधल्या काळात गायब. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं होतं की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना जवळपास तिप्पट झाल्यात. या पट्ट्यात आपला विदर्भही येतो. दुसऱ्या टोकाला ऑगस्ट 2023 घ्या, 1901 पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट, सरासरीपेक्षा 36 टक्के पाऊस कमी.

बातम्यांमध्ये हे सगळं मिलिमीटरमध्ये येतं, पण पीक मिलिमीटरवर जगत नाही, मुळाशी काय चाललंय त्यावर जगतं. म्हणून थोडं जमिनीखाली जाऊ.

चांगल्या मातीत जवळपास अर्धी जागा मोकळी असते, म्हणजे कणांमधल्या पोकळ्या. बारीक पोकळ्यांत पाणी धरून राहतं आणि मोठ्या पोकळ्यांतून हवा खेळते. दोन्हीचा मेळ बसला की त्याला आपण वापसा म्हणतो, मूठभर माती दाबली तर गोळा होतो आणि बोटानं ढकलला की फुटतो. आपल्या काळ्या जमिनीतली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात ज्या भेगांत हात जायचा त्या पहिल्या दोन-तीन पावसांत बंद होतात, आणि एकदा बंद झाल्या की पाणी खाली उतरायला नको म्हणतं. मोठ्या पोकळ्यांत पाणी भरलं म्हणजे हवा बाहेर. ऑक्सिजन पाण्यातून हवेपेक्षा साधारण 10 हजार पट हळू सरकतो, त्यामुळं वरून नवीन ऑक्सिजन येईपर्यंत खालचा साठा मुळं आणि जिवाणू मिळून संपवून टाकतात, बऱ्याचदा एक-दोन दिवसांतच. पीक वाहून जात नाही, बुडतही नाही, वर पानं दिसतायत हिरवी आणि खाली मुळं गुदमरतायत.

पुढचा भाग मला स्वतःला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो. ऑक्सिजन संपला म्हणून मातीतले जिवाणू काय हातावर हात ठेवून बसत नाहीत. ते श्वासासाठी दुसरं काहीतरी वापरायला लागतात, आणि त्याचा क्रम ठरलेला असतो, आधी नायट्रेट, मग मँगनीज, मग लोह, मग सल्फेट, आणि तेही संपलं की मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव कामाला लागतात. नायट्रेट म्हणजे आपण पैसे देऊन टाकलेलं खतच की! ते वापरताना त्याचा नायट्रोजन वायू होतो आणि काही भाग नायट्रस ऑक्साईड म्हणून हवेत जातो, जो 100 वर्षांच्या हिशोबानं वजनाला वजन कार्बन डायऑक्साईडपेक्षा 273 पट तापदायक आहे. म्हणजे पाणी साचलं की पिकाचं नुकसान आणि वातावरणाचं नुकसान ही दोन वेगळी प्रकरणं राहतच नाहीत. परिषदांमध्ये हवामान बदलाशी जुळवून घेणं आणि उत्सर्जन कमी करणं यांची दोन वेगळी सत्रं असतात, मातीत मात्र दोन्ही एकाच पोकळीत घडतं, आणि निम्मा तोडगा तिथंच आहे असं माझं मत.

सोयाबीनचंच बघा, राज्यात साधारण 50 लाख हेक्टरवर हे पीक असतं. पेरणीनंतर दीड महिन्यानं एक झाड खुरप्यानं अलगद, मातीसकट उचला, उपटू नका नाहीतर गाठी मातीतच राहतात. मुळं पाण्यात हलवून धुवा आणि मुळावरची एक गाठ नखानं किंवा ब्लेडनं कापा. आतून गुलाबी-लाल दिसली तर गाठ चालू आहे, हवेतला नत्र म्हणजे नायट्रोजन पकडून झाडाला देतेय. हा लाल रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या सख्ख्या नात्यातल्या प्रथिनाचा, त्याचं कामही ऑक्सिजन सांभाळायचंच. आतून हिरवट किंवा तपकिरी निघाली तर गाठ संपली. साचलेल्या पाण्यात गाठींना ऑक्सिजन मिळत नाही, काम बंद पडतं, आणि सोयाबीनला लागणाऱ्या नत्राचा निम्म्याहून जास्त वाटा या गाठींकडूनच येऊ शकतो, म्हणून रान पिवळं पडतं.

आणि पिवळं दिसलं की आपण काय करतो, दुकानात जातो, दुकानदार म्हणतो युरिया टाका, आपण टाकतो. चिखलातच. आता वरचा क्रम आठवा, वापसा नसलेल्या जमिनीत जेवढा युरिया नायट्रेटपर्यंत पोचेल त्यातला बराच जिवाणू हवेत उडवणार, उरलेला पाण्याबरोबर वाहणार. त्यापेक्षा आधी पाणी काढायचं, वापसा येऊ द्यायचा, आणि अगदीच गरज असेल तर 2 टक्के युरियाची फवारणी पानांवर. शिवाय पिवळेपणा प्रत्येक वेळी नत्राचाच नसतो. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्र, वरची नवीन पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहिल्या तर लोहाची कमतरता, जी चुनखडीच्या ओल्या रानात हमखास दिसते, आणि पिवळे-हिरवे वेडेवाकडे चट्टे असतील तर येलो मोझॅकचा व्हायरस. तिन्हीला युरिया हे उत्तर कसं असेल?

मग पाणी काढायचं कसं, तर पेरणीच मुळात उंचावर करायची. रुंद सरी वरंबा, म्हणजे बीबीएफ, गावात सरळ 'बेड' म्हणतात. मधे रुंद पसरट वरंबा, त्यावर तीन-चार ओळी, दोन्ही बाजूंना सरी. ही काही परवा निघालेली आयडिया नाही, हैदराबादजवळ पाटनचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत 1970 च्या दशकातच काळ्या जमिनीसाठी यावर काम झालं, तेव्हा बैलांनी ओढायचं चाकांचं अवजार होतं. शास्त्र बरोबर होतं, पण ते महागडं अवजार घेणार कोण, म्हणून ते फारसं पसरलंच नाही. आता ट्रॅक्टरच्या मागं लावायचं बीबीएफ पेरणी यंत्र आलं, बियाणं 20-25 टक्के वाचतं हे दिसलं, आणि मग लोक वळायला लागले. बियाण्याची बॅग काय भावानं पडते हे पेरणाऱ्याला विचारा. ग्लोबल वॉर्मिंग कमी होईल म्हणून कुणी बेड पाडत नाही, आणि पाडू पण नये, दोन पैसे वाचतात म्हणूनच पाडावा, बाकीचं आपोआप होतं.

सरीचा उपयोग पावसात पाणी काढायला हे पटकन कळतं, पण बेडवरचं सोयाबीन ऑगस्टच्या खंडात पण जास्त तग धरतं, ते का? एक तर सरीत पाणी जिरतं. पण त्याहून मोठं कारण मुळांचं आहे. ज्या झाडाची मुळं जुलैत गुदमरली ती वरच्यावरच राहतात, खाली जात नाहीत, आणि मग पावसानं दडी मारली की वरची चार-सहा इंच माती सुकते आणि झाड माना टाकतं, खाली हातभर अंतरावर ओल असूनसुद्धा. म्हणजे ऑगस्टमध्ये वाळलेलं पीक बऱ्याचदा जुलैतच आजारी पडलेलं असतं, आपल्याला फक्त उशिरा दिसतं. बेडवर मुळांना सुरुवातीलाच हवा मिळाली तर ती खोल जातात.

यंत्र नसेल तर? विदर्भात पट्टा पेर करतात, त्यात नेहमीच्याच तिफणीनं किंवा पेरणी यंत्रानं पेरायचं पण ठरावीक ओळींनंतर एक ओळ मोकळी सोडायची, आणि डवरणीच्या, म्हणजे ओळींमधलं तण काढायच्या वेळी डवऱ्याला दोरी किंवा पोत्याचं फडकं गच्च गुंडाळून त्या मोकळ्या ओळीतून फिरवायचं, माती दोन्ही बाजूला ढकलली जाऊन सरी तयार. खर्च जवळपास शून्य. ओळी कमी झाल्या म्हणून पहिल्या वर्षी घरात बोलणी खावी लागतात तेवढंच, पण कडेच्या ओळींना ऊन आणि वारा जास्त मिळून शेंगा बऱ्या लागतात.

आता भाताकडं येऊ, कारण तिथं उलटं आहे, तिथं आपण मुद्दाम हवा काढून टाकतो. चिखलणी म्हणजे मातीची रचना मोडून पोकळ्या बंद करणं, म्हणजे पाणी टिकतं आणि तण कमी उगवतं. भाताच्या खोडात हवेच्या नळ्या असतात, त्यातून ऑक्सिजन मुळापर्यंत खाली जातो म्हणून भात पाण्यात जगतो, पण त्याच नळ्यांतून खाली तयार झालेला मिथेन वर येतो, शेतातून सुटणाऱ्या मिथेनचा बराचसा भाग असा रोपातूनच बाहेर पडतो. माणसामुळं जगात जो मिथेन सुटतो त्यातला 10 टक्क्यांच्या आसपास भातशेतीचा.

फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेची साधी ट्रिक आहे, भोकं पाडलेला पाईप खाचरात रोवायचा आणि आतलं पाणी जमिनीखाली 15 सेंटीमीटरपर्यंत उतरलं की मगच परत पाणी द्यायचं. मधे माती हवा खाते, मिथेन निम्म्याच्या आसपास कमी होतो, पाणीही वाचतं, उत्पादन फारसं हलत नाही. नायट्रस ऑक्साईड थोडा वाढतो हे खरं, पण एकूण हिशोब फायद्याचाच निघतो. भंडारा-गोंदियाच्या उन्हाळी धानाला हे जमण्यासारखं आहे, कारण पाणी सोडणं-थांबवणं आपल्या हातात असतं. कोकणात मात्र जुलैत आकाशाचा नळ कोण बंद करणार?

तिथं दुसरी वाट आहे. रायगड जिल्ह्यात नेरळच्या सगुणाबागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा राईस टेक्निक, म्हणजे एसआरटी, विकसित केलं. त्यात राब भाजणं, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळणं नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. कायमचे गादीवाफे करायचे, लोखंडी साच्यानं ठरावीक अंतरावर भोकं पाडायची, प्रत्येकात तीन-चार दाणे आणि चिमूटभर खत. कापणी झाली की बुडखे आणि मुळं जमिनीतच राहू द्यायची, पुढच्या वर्षी नांगरायचं नाही. ती मुळं कुजली की त्यांच्या जागी बोगदे राहतात, त्यातून हवा-पाणी फिरतं, गांडुळं येतात, सेंद्रिय कर्ब मातीत राहतो. शेतकरी याकडं वळले ते मात्र लावणीला माणसं मिळत नाहीत आणि कंबर मोडते म्हणून, परत तेच.

यातली एक गोष्ट मला खटकते, ती सांगायलाच हवी. नांगरट बंद केली की तणाचा प्रश्न उरतो आणि तो बहुतेक ठिकाणी तणनाशकानं सोडवतात, त्यात ग्लायफोसेट पण आलं. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्र सरकारनं ते फक्त परवानाधारक पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच वापरायचं असं बंधन घातलं, आणि गावात त्याचं काय झालं हे तुम्हाला-मला माहितीच आहे, उघड्या हातानं, तोंडाला रुमाल बांधून फवारणी चालूच. आच्छादन, हातानं कोळपणी, मधल्या पिकानं जमीन झाकणं हे पर्याय आहेत, पण त्याला मजूर लागतात आणि मजूर नाहीत म्हणूनच तर हे सगळं सुरू झालं.

कार्बन क्रेडिटचे, म्हणजे उत्सर्जन कमी केल्याबद्दल पैसे मिळवून देतो म्हणणारे एजंट हल्ली गावोगाव फिरतायत. कागदावर सही करण्याआधी एवढं लक्षात ठेवा की मोजणी अवघड असते, आणि 2024 मध्ये वेरा या क्रेडिट देणाऱ्या मोठ्या संस्थेनंच चीनमधले भातशेतीचे 37 प्रकल्प एका झटक्यात रद्द केले होते. जे मिळेल ते वरकड समजा, त्याच्या भरवशावर पद्धत बदलू नका.

राहिला शेजाऱ्याचा प्रश्न, आणि तो सगळ्यात चिवट आहे. तुम्ही बेड पाडले, सऱ्यांतून पाणी काढलं, पण काढून सोडलं कुठं, तर खालच्या रानात! बांधावरची निम्मी भांडणं इथंच सुरू होतात. सऱ्या उताराला आडव्या, अगदी किंचित ढाळ देऊन काढाव्या लागतात, सरळ उताराच्या दिशेनं काढल्या तर दोन वर्षांत घळ पडते. आणि सगळ्या सऱ्यांचं पाणी जाईल असा चर, नाला किंवा शेततळं शिवाराच्या पातळीवर ठरवावं लागतं. जागतिक बँकेच्या मदतीनं 2018 पासून चाललेल्या पोकरा योजनेत, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, पहिल्या टप्प्यात 5 हजारांच्या आसपास गावं होती, त्यात गावाचा पाण्याचा ताळेबंद आणि शेतीशाळा हे भाग याचसाठी होते. जिथं लोक खरंच बसले तिथं उपयोग झाला, जिथं नुसत्या अनुदानाच्या याद्या झाल्या तिथं ठिबकचे पाईप आले आणि नाला गाळानं भरलेलाच राहिला. नाल्याचं आणि चराचं बोलणं एप्रिल-मेमध्येच उरकावं लागतं, कारण एकदा पेरणीजोगा, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाला की सगळ्या गावाला त्याच चार दिवसांत तेच एक बीबीएफ यंत्र पाहिजे असतं आणि मीटिंगला कुणी येत नाही.