सूज दिसण्याआधी काटा सांगतो

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. एक तर हृदयाचा जोर कमी होतो, नाहीतर त्याच्या भिंती ताठर होऊन दोन ठोक्यांच्या मध्ये ते पुरेसे भरत नाही. वर्षानुवर्षे रक्तदाब असलेल्या वृद्धांत, त्यातही स्त्रियांत, हा दुसरा प्रकार जास्त आढळतो. त्यात जोर शाबूत असतो, म्हणून इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टवर ‘पंपिंग ६० टक्के’ वाचून घरचे निर्धास्त होतात आणि आजींना जिना चढताना धाप लागतच राहते.

पुढची गोष्ट दोन्हींत सारखी. मूत्रपिंडांना रक्तपुरवठा कमी पडला, की शरीरात पाणीच कमी आहे असे समजून ती मीठ आणि पाणी धरून ठेवतात. घोट्यावर बोट दाबून खळगा पडेपर्यंत दोन-अडीच लिटर पाणी साठून गेलेले असू शकते. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो वजन, म्हणून घरात वजनकाटा हवाच.

वजन रोज सकाळी करावे: लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, साधारण तेवढ्याच कपड्यांत. काटा फरशीवर ठेवावा, सतरंजीवर नाही. आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावा. ३ दिवसांत २ किलोंपेक्षा जास्त वाढ झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. झोपताना एक उशी वाढली, रात्री दम लागून उठून बसावे लागले, पोट गच्च वाटून भूक मेली, तरीही करावा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सूज मात्र पायांवर नव्हे, माकडहाडाजवळ पाहावी.

लघवीच्या गोळीचा, म्हणजे फ्युरोसेमाइडचा, परिणाम तासाभरात सुरू होतो आणि सुमारे ६ तास टिकतो. लग्नाला जायचे म्हणून ती चुकवू नये, परतल्यावर दुपारी घ्यावी. रात्री नको, अंधारात उठताना पडून खुबा मोडतो. सूज फार वाढली की आतड्यांनाही येते, गोळी सावकाश शोषली जाते आणि लघवी पुरेशी होत नाही. तेव्हा इंजेक्शन लागते. घरीच गोळ्या वाढवत बसण्यात मोलाचे दिवस जातात.

मीठ दिवसभराचे सगळे मिळून ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा. पापडात मिठाबरोबर पापडखार असतो, तोही सोडियमच. पित्तावरच्या फसफसणाऱ्या पावडरीतही सोडियम असते. सैंधव वेगळे नाही. ‘कमी सोडियम’चे मीठ तर जास्त जपावे: त्यात पोटॅशियम असते आणि स्पायरोनोलॅक्टोन किंवा रामिप्रिल ही हृदयाची औषधे चालू असताना ते रक्तात वाढून ठोके बिघडतात.

गुडघेदुखीवर दुकानातून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन ही सगळ्यात दुर्लक्षित चूक. या गोळ्या पाणी धरून ठेवतात आणि लघवीच्या गोळीचा जोर मोडतात. दुखण्यावर साधी पॅरासिटामॉल विचारून घ्यावी, पाण्यात फसफसून विरघळणारी नको, तीतही सोडियम असते.

वजन झपाट्याने उतरणेही तितकेच महत्त्वाचे. जुलाब-उलट्या किंवा कडक उन्हाळा, वजन घटलेले आणि उभे राहताना चक्कर, अशा वेळी लघवीची गोळी आणि हार्ट फेल्युअरवरचे डापाग्लिफ्लोझिन हे औषध काही दिवस थांबवायची का, हे लगेच विचारावे. सावकाश होणारी घट मात्र फसवी असते. स्नायू झिजून २ किलो गेले आणि तेवढेच पाणी भरले, तर काटा जागचा हलत नाही. म्हणून सूज नसतानाचे वजन किती धरायचे, हे दर तपासणीला डॉक्टरांकडून नव्याने ठरवून घ्यावे.