आयसीयूत रुग्णाला लवकर उठवण्यामागची गोष्ट

घशात नळी, मागून व्हेंटिलेटर ढकलणारी नर्स, बाजूला आधाराला फिजिओथेरपिस्ट आणि मध्ये हळूहळू पावलं टाकणारा रुग्ण. हे दृश्य पहिल्यांदा पाहणाऱ्याला धडकीच भरते. ही काल-परवाची कल्पना असावी असंही वाटतं. पण ‘चेस्ट’ या अमेरिकी नियतकालिकात व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना चालवण्याविषयी १९७५ सालीच लिहून आलं होतं. मग मधली तीसेक वर्षं गेली कुठे?

त्याआधी बराच काळ अंथरूण हेच औषध होतं. हृदयविकाराचा झटका आला की कित्येक आठवडे पडून राहायचं, हा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शिरस्ताच होता. १९४७ मध्ये ब्रिटिश डॉक्टर रिचर्ड अ‍ॅशर यांनी या श्रद्धेची खरपूस हजेरी घेतली. शिरांत होणाऱ्या गुठळ्या, आखडणारे सांधे, झिजणारे स्नायू असा सगळा हिशेबच त्यांनी मांडला. १९५२ मध्ये बोस्टनच्या सॅम्युएल लेव्हिन आणि बर्नार्ड लाऊन यांनी हृदयरुग्णांना खाटेवरून उठवून खुर्चीत बसवलं. तेवढंसुद्धा त्या काळी धाडसच होतं.

त्याच वर्षी कोपनहेगनमध्ये पोलिओची भीषण साथ आली. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांच्या सल्ल्याने श्वासनलिकेला छेद देऊन रुग्णांना हाताने श्वास दिला गेला. वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून दिवसरात्र रबरी पिशव्या दाबत बसले. आजच्या अतिदक्षता विभागाचं मूळ तिथेच आहे.

पुढे विद्यार्थ्यांच्या हातांची जागा यंत्रांनी घेतली आणि इथेच गाडी वेगळ्या रुळावर गेली. जुनी यंत्रं आपल्याच तालात हवा ढकलायची. रुग्णाचा ताल जुळला नाही की तो यंत्राशी झगडायचा. उपाय सोपा होता: त्याला गुंगीत ठेवा, गरज पडली तर स्नायू शिथिल करणारं औषधही द्या. त्यात दयाही होती, हे मान्य करायला हवं. या यातना त्याला आठवायला नकोत, असं डॉक्टरांना आणि नातेवाइकांना मनापासून वाटायचं. पण गुंगीतल्या माणसाला चालवणार कसं? माझ्या मते खरा अडसर रुग्णाच्या पायांत नव्हता, सलाइनमधून जाणाऱ्या औषधात होता.

म्हणूनच या इतिहासातलं वळण व्यायामाच्या नव्हे, गुंगीच्या अभ्यासाने आलं. २००० साली शिकागोत जॉन क्रेस आणि सहकाऱ्यांनी १२८ रुग्णांवर चाचणी केली. गुंगीचं औषध रोज एकदा थांबवून ज्यांना जागं केलं, ते साधारण ७.३ ऐवजी ४.९ दिवसांत व्हेंटिलेटरवरून सुटले. २००३ मध्ये टोरोंटोहून मार्गारेट हेरिज यांचा अभ्यास आला. फुप्फुसांच्या गंभीर आजारातून वाचलेले १०९ जण, बहुतेक चाळिशी-पन्नाशीतले. फुप्फुसं सहा महिन्यांत बरीचशी सावरली होती, पण वर्ष उलटलं तरी अंगात ताकद नव्हती आणि जेमतेम निम्मेच कामावर परतले होते. ‘जीव वाचला’ एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांना हा आरसाच होता.

त्यानंतर चक्रं भराभर फिरली. २००७ मध्ये सॉल्ट लेक सिटीतल्या पॉली बेली यांच्या गटाने १०३ रुग्णांना १,४४९ वेळा बसवलं किंवा चालवलं. अनिष्ट प्रसंग एक टक्क्याहूनही कमी वेळा घडले. २००९ मध्ये विल्यम श्वाइकर्ट यांची १०४ रुग्णांची चाचणी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. नळी घातल्यापासून दीडेक दिवसातच व्यायाम सुरू झालेल्यांपैकी ५९ टक्के स्वतःचं स्वतः करण्याइतके सावरून रुग्णालयातून बाहेर पडले. नेहमीच्या उपचारांत हे प्रमाण ३५ टक्के होतं. भ्रमाचे दिवसही निम्म्यावर आले.

उत्साहाला लगाम बसला २०२२ मध्ये. ‘टीम’ या ७५० रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत जास्त जोर लावून रुग्णांना हलवून पाहिलं. सहा महिन्यांच्या हिशेबात फायदा दिसला नाही आणि हृदयाचे ठोके किंवा रक्तदाब बिघडण्यासारखे प्रकार मात्र वाढले. यावरून ‘व्यायाम व्यर्थ’ असा अर्थ काढणाऱ्यांनी आकडे नीट वाचावेत. एका गटाची हालचाल रोज सुमारे २१ मिनिटं होती, दुसऱ्याची नऊ. म्हणजे तुलनेसाठी घेतलेला ‘नेहमीच्या उपचारांचा’ गटही आता निपचित पडून नव्हता.