हायब्रीड बियाणे आणि जीएम बियाणे: विरोध नेमका कशाला?

जनुकीय सुधारित (जीएम) पिकांना विरोध करताना एक तक्रार हमखास पुढे येते: या बियाण्यांमुळे घरचे बियाणे संपले आणि शेतकऱ्यावर दरवर्षी पाकीट विकत घेण्याची वेळ आली. तक्रार खरी आहे, पण तिचे मूळ बहुतांशी जनुकात नसून संकरात आहे. हायब्रीड आणि जीएम या दोन्ही गोष्टी एकच समजल्या गेल्यामुळे विरोधाचा बराचसा जोर चुकीच्या जागी खर्च होतो, याची मला मनापासून खंत वाटते.

हायब्रीड म्हणजे एकाच पिकाच्या दोन भिन्न वाणांचा संकर. कपाशीत हे काम प्रामुख्याने हातांनीच होते: दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या कळीतले पुंकेसर आदल्या दिवशी खुडून टाकायचे आणि सकाळी नर वाणाचे पराग त्या फुलाला लावायचे. सुरतच्या संशोधन केंद्रातून १९७० साली आलेला एच-४ हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस असाच तयार झाला. अशा बियाण्याचा जोम पहिल्या पिढीपुरता असतो; त्याच पिकाची सरकी पुढच्या वर्षी पेरली तर गुण विखुरतात आणि झाडे एकसारखी येत नाहीत. बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते ते या कारणाने, आणि यात प्रयोगशाळेत घातलेल्या जनुकाचा काहीही संबंध नाही.

जीएम बियाण्यात मात्र निवडलेले जनुक प्रयोगशाळेत पिकाच्या डीएनएमध्ये घातलेले असते. बीटी कापसातले जनुक बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतल्या जिवाणूचे असून त्यामुळे झाडात बोंडअळीला मारक प्रथिन तयार होते. असे जनुक सरळ वाणातही, म्हणजे ज्याचे बी पुन्हा पेरले तरी तशीच झाडे येतात अशा वाणातही, घालता येते आणि मग घरचे बी राखता येते. बांगलादेशाने २०१३ मध्ये मंजूर केलेली बीटी वांग्याची चारही वाणे सरळ आहेत. भारतात याच पिकावर नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या झाल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्याला स्थगिती दिली.

आपल्याकडे गफलत होणे स्वाभाविकच होते, कारण मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली ती संकरित वाणांच्या रूपातच, आणि शेतकऱ्याला दोन्ही गोष्टी एकाच पाकिटात भेटल्या. त्याआधी १९९८ मध्ये कर्नाटकात रयत संघ या शेतकरी संघटनेने चाचणीची शेते जाळली, तेव्हा ‘टर्मिनेटर’ म्हणजे वांझ बियाण्याची भीती मोठी होती. ते तंत्र व्यापारी शेतीत कुठेच आले नाही, तरी ठेवलेल्या सरकीतून एकसारखे पीक येत नाही, या संकराच्या अनुभवामुळे त्या भीतीला बळ मिळत राहिले असावे.

संकर आणि बीटी जनुक या जोडीचा एक परिणाम मात्र फारसा बोलला जात नाही. संकराच्या एकाच पालकाकडून बीटी जनुक आले असेल, तर त्या झाडाच्या बोंडातल्या साधारण चौथा हिस्सा सरकीत ते जनुक नसते. आणि गुलाबी बोंडअळी तर सरकीच खाते. विषारी आणि बिनविषारी दाणे एकाच बोंडात मिळाल्याने अळीची प्रतिकारशक्ती वाढण्यास हातभार लागला, असे कापूसतज्ज्ञ मांडत आले आहेत. हा दोष ना एकट्या जनुकाचा, ना एकट्या संकराचा.

म्हणून जीएमच्या विरोधकांनी स्वतंत्र चाचण्या, खाद्यपदार्थांवरचे लेबल, पेटंट आणि अळीची प्रतिकारशक्ती हे प्रश्न लावून धरावेत. ते प्रामुख्याने जनुकाशी जोडलेले आहेत; अळीच्या प्रश्नात तेवढा संकराचाही वाटा आहे. बियाण्याच्या परावलंबनाचा प्रश्न सरळ वाणांच्या मागणीतून सुटेल, आणि ती मागणी जीएम नसलेल्या हायब्रीड भाजीपाल्यालाही तितकीच लागू आहे. डीएमएच-११ या जीएम मोहरीत तर संकर घडवण्यासाठीच बार्नेज आणि बारस्टार ही जनुके वापरली आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिच्या पर्यावरणीय प्रसारणाला, म्हणजे ती प्रयोगशाळेबाहेर शेतात लावायला, मंजुरी मिळाली आणि जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्यावर भिन्न निकाल दिले. या मोहरीबाबत जनुकाच्या सुरक्षिततेचा आणि दरवर्षीच्या खरेदीचा, असे दोन्ही प्रश्न एकाच वेळी, पण वेगवेगळे विचारावे लागतील.